गोळ्या दर महिन्याला नेतात, तरी बायकांची शुगर २००च्या खाली का येत नाही?

सीएचओ_माणदेश
मी उपकेंद्रातली सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आमच्याकडे मधुमेहाची नोंद असलेल्या बऱ्याच जणी दर महिन्याला गोळ्या घेऊन जातात. रजिस्टरवर फॉलोअप पूर्ण दिसतो. बहुतेकींना शुगरची मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, काहींना सोबत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, हीही शुगरचीच गोळी. तरी ग्लुकोमीटरवर रॅन्डम (कोणत्याही वेळची) शुगर २२०, २६०, कधी ३००. ज्या येतच नाहीत त्यांचं समजू शकतं, पण येणाऱ्यांची शुगर का हलत नाही? वय साधारण ४५ ते ६५, शेतमजुरी करणाऱ्या, काही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. डोस मेडिकल ऑफिसर ठरवतात. माझ्या पातळीवर काय तपासू आणि वर पाठवताना काय लिहून पाठवू?

डॉ_फिजिशियन_सोलापूर
आधी हे बघा की रजिस्टरमध्ये ‘आली’ लिहिलंय ती बाई खरंच आली होती का. खूपदा कार्ड येतं, बाई येत नाही. तिचा रोज बुडतो म्हणून नवरा किंवा नातू जाता जाता गोळ्या नेतो. म्हणजे शुगर नाही, बीपी नाही, पायांची तपासणी नाही, फक्त वाटप झालं. ‘स्वतः आली’ आणि ‘घरच्यांनी नेल्या’ असे दोन वेगळे रकाने करा. एका महिन्यात चित्र स्पष्ट होईल.

त्याहून मोठं कारण माझ्या मते वेगळं आहे. ती येते, शुगर वाढलेली दिसते आणि तीच चिठ्ठी पुन्हा चालू राहते. मेटफॉर्मिन ५०० दोनदा हा सुरुवातीचा डोस आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक असेल तर दर एक-दोन आठवड्यांनी ५०० वाढवत १००० दोनदापर्यंत नेता येतो. जेवणासोबत द्यायचा, भरभर वाढवायचा नाही, नाहीतर जुलाब लागतात आणि ती गोळीच सोडते. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ४५च्या खाली गेला तर डोस निम्मा करतात, ३०च्या खाली बंद. पूर्ण डोसवर तीन महिने होऊनही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या वर असेल तर दुसरं औषध जोडायचं. वय जास्त, अंगात अशक्तपणा किंवा शुगर वारंवार उतरण्याचा धोका असेल तर ८पर्यंत चालतं. नियमित येण्याचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा त्या भेटीत काहीतरी ठरतं.

नुसता ‘रॅन्डम २६०’ हा आकडा अर्धवट आहे. शेजारी ‘शेवटचं कधी खाल्लं’ लिहा. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत, हे ढोबळ लक्ष्य. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी. तपासणी आहे म्हणून सकाळची गोळी टाळणाऱ्या खूप असतात, आणि मग आलेला आकडा औषधाबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक वेळी उपाशीपोटी बोलावूही नका. पहाटे घरचा स्वयंपाक उरकून, चालत येऊन अकरापर्यंत रिकाम्या पोटी बसणं म्हणजे पुढची भेट बुडालीच. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, दर तीन महिन्यांनी तोच करून घ्या.

एक खबरदारी मात्र घ्या. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर कमी दिसतो. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर त्यावर विसंबूच नका. हिमोग्लोबिन शेजारी लिहिल्याशिवाय तो रिपोर्ट वाचू नये.

औषधवाला_बार्शी
रिकाम्या स्ट्रिप परत आणायला सांगा. रोज दोन गोळ्या म्हणजे ३० दिवसांत ६०, दहाच्या सहा स्ट्रिप. त्यातल्या दोन भरलेल्या निघाल्या तर डोस वाढवायच्या आधी त्यांचं कारण शोधायला हवं. ‘शुगर नॉर्मल आली म्हणून थांबवल्या’ हे उत्तर सर्रास मिळतं.

दुसरं, सगळी औषधं पिशवीसकट मागवा. सरकारी ग्लिमेपिराइड आणि वर खासगी डॉक्टरांची कॉम्बिनेशनची गोळी, तिच्यातही ग्लिमेपिराइड. रंग वेगळा, नाव वेगळं, त्यामुळे घरात कुणाला कळत नाही. दुपारी शुगर उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, ती गूळ-साखर खाते आणि संध्याकाळी मीटर ३०० दाखवतो.

आणि गुडघेदुखीचं नक्की विचारा. दुखण्यावर मिळणाऱ्या खुल्या पुड्यांत किंवा इंजेक्शनात स्टेरॉइड असेल तर जेवणानंतरची शुगर भडकते, मग मेटफॉर्मिन कितीही द्या. पण महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम तोडायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

सीएचओ_माणदेश
स्ट्रिपा आणि पिशवीचं या आठवड्यापासूनच सुरू करते. काही जणी इन्सुलिनवर आहेत, त्यांचंही असंच आहे. शिवाय उपवास आणि ऊसतोडीच्या महिन्यांचं काय करायचं?

मधुमेह_समुपदेशक
ताई, इन्सुलिनवाल्यांची सिरिंज हातात घेऊन बघा. आपल्याकडची व्हायल (इन्सुलिनची बाटली) बहुधा एका मिलीला ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची ४०ची सिरिंज लागते. मेडिकलमधून नारिंगी टोपीची १००ची दिली गेली तर २०च्या रेघेपर्यंत भरूनही पोटात ८ युनिटच जातात. उलट, इन्सुलिन पेनच्या, मिलीला १०० युनिट असलेल्या काडतुसातून ४०च्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. मग टोचण्याच्या जागेवर बोट फिरवा. गाठ लागली की तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. चांगल्या जागी टोचायला लागल्यावर त्याच डोसने शुगर उतरू शकते, म्हणून त्या आठवड्यात जपून. उघडलेली व्हायल २८ दिवस वापरायची. फ्रिज नसेल तर डबीत बंद करून ती डबी ओल्या मडक्यात, थेट पाण्यात नाही.

उपवास सोडा म्हटलं तर त्या फक्त सांगायचं बंद करतात. म्हणून तारखा आधी विचारा. हरितालिकेच्या निर्जळी उपवासाला ग्लिमेपिराइड ही धोक्याची गोळी, शुगर फार उतरवू शकते. त्या दिवशीचं काय ते डॉक्टरांकडून आधीच कार्डावर लिहून घ्या, इन्सुलिनचंही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, तीही एक वाटी, सोबत दाण्याची आमटी आणि ताक. शुगर ७०च्या खाली उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. उपवास तिथेच सुटला असं घरच्यांसमोर सांगून ठेवा, नाहीतर ती तोंडात साखर घालत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी शुगरची गोळी) चालू असेल तर खालच्या जागेची खाज एकट्यात विचारा, नवऱ्यासमोर नाही. ही बुरशी औषधाने बरी होते, पण संकोचाने ती शुगरची गोळीच गुपचूप बंद करते.

डॉ_फिजिशियन_सोलापूर
ऊसतोडीला जाणाऱ्यांची तपासणी दसऱ्याआधी उरका. जितक्या महिन्यांच्या गोळ्या मंजूर होतील तितक्या द्या. कार्डावर औषधाचं मूळ नाव आणि डोस मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही तेच औषध मिळेल.

वर पाठवताना ‘शुगर जास्त, योग्य उपचारासाठी’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘वय ५२. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ८ महिने डोस तोच. स्ट्रिप मोजल्या, गोळ्या चुकलेल्या नाहीत. उपाशीपोटी १७८, जेवणानंतर २६४. हिमोग्लोबिन ९.८. स्टेरॉइड नाही. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासलेला नाही. डोस वाढवावा का?’