यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार शाळेने करावा का?

धागाकर्ता

आमच्या शाळेच्या जिन्यालगत एक लाकडी मानफलक आहे. त्यावर दर वर्षी एका कर्तबगार माजी विद्यार्थ्याचे नाव सोनेरी रंगात लिहिले जाते आणि स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार होतो. वरची नावे ठसठशीत आहेत. खाली येता येता अक्षरे बारीक होत गेली आहेत आणि आता जेमतेम दोन ओळींची जागा उरली आहे. नवा फलक करावा की ही प्रथाच थांबवावी, असा प्रश्न माजी विद्यार्थी संघापुढे आहे. नवा फलक करावा, असे माझे मत आहे. चरित्रातला थोर माणूस मुलांना दूरचा वाटतो, पण आपल्याच बाकावर बसलेले कोणी पुढे गेले हे कळले की त्यांना बळ येते.

प्रतिसाद १ (विरोधात)

मुलांना बळ मिळत असेलही, परंतु या सोहळ्यात शाळा बहुधा आयत्या पिठावर रेघोट्या ओढत असते. जॉन गर्डन यांचे उदाहरण घ्या. १९४९ साली इंग्लंडमधील ईटन या शाळेतील त्यांच्या शिक्षकांनी प्रगतिपत्रकात शेरा लिहिला की, या मुलाचा वैज्ञानिक होण्याचा विचार हास्यास्पद आहे. जीवशास्त्रात ते अडीचशे मुलांत शेवटचे होते. २०१२ साली त्यांनाच वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले आणि तो शेरा त्यांनी चौकटीत घालून आपल्या कचेरीत ठेवला होता. अशा विद्यार्थ्याचे नाव फलकावर चढवताना शाळेने नेमके कशाचे श्रेय घ्यायचे? शिवाय आपल्या फलकावर नावापुढे हुद्दा असतो. आजारी आईवडिलांना सांभाळून धाकट्या भावंडांची शिक्षणे पार पाडणाऱ्या मुलीला हुद्दा नसतो, म्हणून तिचे नाव कोणी सुचवतही नाही.

प्रतिसाद २ (निवृत्त शिक्षिका)

श्रेयाचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरून सत्कारच नको, हे पटत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तिथे गौरव होतो तो कोणत्याही पदाचा नव्हे, तर एका मुलाने शाळेत पाऊल टाकल्याचा. शाळेत आपल्याला इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटावर बसावे लागे, हेही बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सत्कार करणाऱ्या शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांविषयीच्या अशा नोंदीही झाकून ठेवू नयेत, एवढीच माझी अट आहे.

जाता जाता एक आठवण सांगते. माझ्या वर्गातील एक मुलगी मधल्या सुट्टीत या फलकापुढे उभी राहून त्यावरील मुलींची नावे मोजत असे. मोजायला फार वेळ लागत नसे.

धागाकर्ता

बाईंचे शेवटचे वाक्य जिव्हारी लागले. निवड कोण करते, हाच खरा प्रश्न आहे. आजवर ती कार्यकारिणीच्या एका बैठकीत चहा संपेपर्यंत उरकली जाते. अमेरिकेतील बेसबॉलच्या कीर्तिदालनात निवृत्तीनंतर पाच वर्षे गेल्याखेरीज खेळाडूचे नाव क्रीडापत्रकारांच्या मतदानाला येत नाही आणि निवडीला ७५ टक्के मते लागतात. आपल्याला एवढा बडेजाव नको. तरी नाव कोणीही लेखी सुचवावे, सोबत कामाचा तपशील द्यावा, हुद्दा न लिहिता केलेले काम एका ओळीत लिहावे आणि पुढे गैरकृत्य सिद्ध झाल्यास नाव उतरवण्याची तरतूद असावी. हे जमण्यासारखे आहे.

प्रतिसाद १

हे नियम झाले, तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा देणगीबद्दल आहे. इमारत निधीला मोठी रक्कम आली की पुढच्याच वर्षी त्या देणगीदाराला कर्तबगारीचा मान मिळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे आणि त्यावर सोयीस्कर मौनही पाळले आहे. देणगीदारांचे आभार मानण्यासाठी स्वतंत्र पाटी लावावी. त्यात कमीपणा नाही. मात्र निवड समितीत निधी गोळा करणारा एकही सदस्य नसावा, असे घटनेत लिहून घ्या. तोपर्यंत फलकावरच्या उरलेल्या दोन ओळी कोऱ्याच राहू द्याव्यात.