परीक्षेचा अर्ज आणि स्क्रीन रीडर

इंदूरकर मावशी: माझा भाचा पूर्णतः दृष्टिहीन असून एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या) साहाय्याने संगणक सफाईने हाताळतो. तरीही विद्यापीठाचा परीक्षा-अर्ज भरताना त्याला माझी मदत घ्यावीच लागते, कारण वेळापत्रक म्हणजे कागदाचा स्कॅन आणि शेवटचा कॅप्चा (अर्ज भरणारा माणूसच आहे ना, हे पडताळणारी चाचणी) निव्वळ चित्ररूपात. दाद कोठे मागावी?

बडोदेकर: संकेतस्थळे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, त्यामुळे स्क्रीन रीडरला वाचायला काही उरत नाही. मूळ फाइलवरूनच पीडीएफ केली आणि तक्त्यांचे मथळे नीट नोंदवले, तर दमडीही जास्त न लागता हे काम होते. अर्जातील रकान्यांना लेबले जोडलेली आहेत का, तेही पाहावे, अन्यथा नाव कोठे आणि बैठक क्रमांक कोठे, हे त्याला कळणारच नाही. (अक्षरे मोठी करण्याची बटणे लावून सुगम्यतेचा टेंभा मिरवणारी संकेतस्थळे मला विशेष खटकतात.)

ग्वाल्हेरचे वकील: दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ चे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकुराच्या सुगम्यतेविषयीच आहे. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोच अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली. प्रथम कुलसचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दखल न घेतल्यास राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करावी.

इंदूरकर मावशी: आभारी आहे. अर्जाची मुदत मात्र याच आठवड्यात संपते.

ग्वाल्हेरचे वकील: मग यंदाचा अर्ज आपण भरून द्यावा, पण कुलसचिवांना द्यायच्या पत्रात तसे स्पष्ट नमूद करावे आणि त्या कॅप्चाचा स्क्रीनशॉट जोडावा.