बंद केलेला गेमिंग कन्सोल ११ वॅट घेतो, मग अर्ध्या वॅटचा नियम कशासाठी?

निशाचर (प्रश्न)

घरातील कोणते उपकरण किती वीज खाते हे पाहावे म्हणून प्लगमध्ये बसणारे एक वीजमापक आणले, आणि पहिला धक्का गेमिंग कन्सोलनेच दिला. कंट्रोलरवरून कन्सोल बंद केला, पंखा थांबला, टीव्हीचा पडदा काळा झाला, तरी मापकावरचा आकडा ११ आणि १२ वॅटच्या मध्ये घुटमळत राहिला. तासाभराने पाहिले तेव्हाही तो तिथेच होता. युरोपीय संघात २०१३ पासून स्टँडबायसाठी, म्हणजे उपकरण बंद दिसत असूनही वीज घेत राहते त्या अवस्थेसाठी, अर्ध्या वॅटची मर्यादा आहे असे मी वाचले होते, आणि या कन्सोलवर तर युरोपीय नियम पाळल्याचे सीई चिन्हही आहे. मग दोष यंत्रात आहे, मापकात आहे, की माझ्या समजुतीत?

मोजपट्टी

यंत्र बहुधा ठणठणीत आहे. घोळ आहे तो ‘बंद’ या शब्दाचा. आपण उल्लेख केलेली मर्यादा युरोपीय संघाच्या २००८ च्या १२७५ क्रमांकाच्या नियमावलीतून आली, जी मे २०२५ पर्यंत लागू होती, आणि तिने स्टँडबायची व्याख्या फार अरुंद केली होती: उपकरण विजेला जोडलेले असावे आणि पुन्हा चालू होण्याच्या इशाऱ्याची वाट पाहणे, फार तर एखादी माहिती दाखवणे, याखेरीज त्याने दुसरे काही करू नये. या अवस्थेला २०१० मध्ये १ वॅट आणि २०१३ मध्ये अर्धा वॅट अशी मर्यादा लागली, आणि माहिती दाखवणारा डिस्प्ले असल्यास दोन्ही वेळी दुप्पट सूट मिळाली. नेटवर्कवरून जागे होणाऱ्या सर्वसाधारण उपकरणांसाठी २०१३ च्या दुरुस्तीने वेगळा जिना घातला: २०१५ पासून ६, २०१७ पासून ३ आणि २०१९ पासून २ वॅट.

आपला कन्सोल मात्र या सगळ्यापेक्षा जास्त काम करीत असावा. ‘झटपट सुरू’ होण्याचा पर्याय निवडला की अर्धवट सोडलेला खेळ मेमरीत जिवंत राहतो, इंटरनेटशी संपर्क टिकतो आणि यूएसबीच्या खाचांना वीज मिळत राहते. ही झोप नव्हे, डुलकी आहे.

ही डुलकी किती महाग पडते ते पाहा. रोज दोन तास खेळ आणि खेळताना १५० वॅट असे धरले तर खेळण्याची वर्षाची वीज साधारण ११० युनिट होते. उरलेल्या बावीस तासांत ११ वॅटने ८८ युनिट जातात. अर्ध्या वॅटच्या अवस्थेत तेच ४ युनिटांवर येते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलपुरते सांगायचे तर पूर्ण बंद होण्याच्या अवस्थेतही अद्ययावतीकरणे उतरवून घेण्याची सोय २०२२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच अवस्था मूळ निवड करण्याचे जाहीर केले. त्यामुळे रात्रभर अद्ययावत राहण्यासाठी कन्सोल जागा ठेवावा लागतो, हा युक्तिवाद तिथे तरी उरलेला नाही. सेटिंग्जमधील वीजविषयक पान उघडून पाहावे. आणि एक विचारायचे राहिले: मोजताना कंट्रोलर तारेने कन्सोलला जोडलेला होता का?

अर्धवॅट

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त मापकाविषयी थोडी सावधगिरी सुचवतो. ११ वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण १ वॅटच्या खाली स्वस्त मापके वाटेल ते दाखवतात, कारण उपकरणांतले आजचे वीजपुरवठे इतक्या कमी भारावर सलग वीज न घेता तुटक झटक्यांनी घेतात. म्हणूनच प्रयोगशाळेत आयईसी ६२३०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजताना एका क्षणाचा आकडा न घेता ठरावीक काळाची सरासरी काढतात.

जाता जाता एक मत मांडतो. अर्ध्या वॅटसाठी कायदा आहे, पण चालू कन्सोलची जबाबदारी सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांच्या स्वेच्छा करारावर सोडलेली आहे. २०१५ मध्ये युरोपीय आयोगाने मान्य केलेल्या या करारात मेनू दाखवताना आणि चित्रपट चालवताना किती वीज घ्यावी याच्या मर्यादा आहेत, प्रत्यक्ष खेळताना मात्र नाहीत. त्यामुळे खेळ थांबवून जेवायला उठणाऱ्याने कन्सोल तसाच ठेवला, तर स्टँडबायमध्ये वाचवलेली दिवसभराची वीज दीडेक तासात जाऊ शकते, हे मला खटकते.

निशाचर

दोघांचेही आभार. कंट्रोलर खरोखरच तारेने जोडलेला होता. तो काढल्यावर आकडा ९ वर आला, म्हणजे दोनेक वॅट त्याच्या चार्जिंगचे होते. त्यानंतर सेटिंग बदलले. आता मापक कधी ०.० तर कधी ०.९ दाखवते, म्हणजे अर्धवॅट यांनी सांगितलेला लहरीपणा समोरच दिसतो आहे. सुरू व्हायला पूर्वी चार-पाच सेकंद लागत, आता वीसच्या वर लागतात, आणि त्याचे मला काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र कंट्रोलरची बॅटरी रिकामी निघाली, कारण कन्सोल पूर्ण बंद असताना यूएसबीला वीजच मिळत नाही. तेव्हापासून तो मोबाइलच्या चार्जरला लावतो आहे.