‘मॉक’ला मराठीत काय म्हणावं? (मॉक टेस्ट नव्हे, टेस्टमधला मॉक)

विचारणा –
आधी सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून एमपीएससी करत होतो, आता पायथनमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकतोय. आमच्याकडे मॉक टेस्ट म्हणजे सराव परीक्षा. आता क्लासमध्ये सर म्हणतात, आधी एसएमएसचं फंक्शन मॉक कर आणि मग टेस्ट (म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) लिही. शब्दकोशात बघितलं तर थट्टा करणे, वेडावून दाखवणे. काहीच बसत नाहीये. नेमका अर्थ काय आणि मराठीत नोट्स काढताना कुठला शब्द वापरू?

प्रतिसाद –
तुम्ही क्रियापदाचा अर्थ बघितलात, इथे विशेषणाचा लागतो. लुटुपुटूची लढाई म्हणतो ना, त्यातलं ‘लुटुपुटूचं’ म्हणजे मॉक. तुमची सराव परीक्षाही त्याच अर्थाने मॉक, फक्त तिथे परीक्षाच लुटुपुटूची असते आणि इथे टेस्ट अगदी खरी असते, लुटुपुटूचं असतं ते तुमच्या कोडच्या आजूबाजूचं, म्हणजे एसएमएस गेटवे, पेमेंट, बाहेरचं एखादं एपीआय (दुसऱ्या सेवेशी बोलायची सोय).

समजा डबा बुक करायचं ॲप आहे. पेमेंट फेल झालं तर ‘तुमचा डबा पक्का’ असा एसएमएस जाता कामा नये, हे तपासायचंय. त्यासाठी खरं पेमेंट फेल होण्याची वाट कोण बघणार आणि दर टेस्टला खरे एसएमएस पाठवले तर बिल कोण भरणार? म्हणून पेमेंटच्या जागी असा एक बसवायचा जो कधीही विचारा, ‘फेल’ एवढंच सांगतो, आणि एसएमएसच्या जागी असा जो काहीच पाठवत नाही पण आपल्याला कुणी हाक मारली का, किती वेळा, कुठला नंबर देऊन, हे सगळं लक्षात ठेवतो. पहिला स्टब, दुसरा मॉक. बोलताना सगळे दोघांनाही मॉकच म्हणतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ तिथेच होतो. स्टब उत्तर देतो, मॉक साक्ष देतो, असं नोट्समध्ये लिहा.

या सगळ्या कुटुंबाला सॉफ्टवेअर टेस्टिंगवर लिहिणाऱ्या जेरार्ड मेझारोस यांनी २००७ साली ‘टेस्ट डबल’ हे नाव रूढ केलं, सिनेमातल्या स्टंट डबलवरून. त्यात पाच जण येतात, डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक. माझ्या मते या कुटुंबाला आपल्याकडे ‘तोतया’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला आणि १७७६ मध्ये ज्याला देहदंड झाला, त्याच्यामुळे पुण्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समोरच्याला अस्सल वाटला पाहिजे, बस. इथे समोरचा म्हणजे तुमचा कोड.

प्रतिसाद –
तोतया शब्दाला फसवणुकीचा वास येतो हो. सरळ ‘बदली’ म्हणा की. बदली कामगार, बदली खेळाडू, सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद –
फसवणूक तर करायचीच आहे, कोडला कळलं तर टेस्टला अर्थ काय राहिला? आणि बदली खेळाडू मैदानात उतरून खरंच खेळतो, मॉक काहीच काम करत नाही. बदली शब्द फेकसाठी राखून ठेवा असं मला वाटतं, म्हणजे मोठ्या डेटाबेसऐवजी मेमरीतला छोटा डेटाबेस लावतो तेव्हा. तो खरोखर साठवतो, खरोखर शोधून देतो.

डमीचं मात्र जपून. आपल्याकडे परीक्षेत डमी बसतो तो दुसऱ्याचा पेपर खराखुरा लिहितो. टेस्टमधल्या डमीला कुणी हातही लावत नाही, फंक्शनला काहीतरी द्यावं लागतं म्हणून तो दिलेला असतो.

विचारणाकर्ता –
तोतया आवडला. पण एक अडतंय. मी एसएमएस.पाठवा पॅच केलं, म्हणजे त्या फंक्शनच्या जागी मॉक बसवला, तरी खरंच फंक्शन चालतंय.

प्रतिसाद –
तुमच्या ऑर्डर्सच्या फाइलमध्ये ‘फ्रॉम एसएमएस इम्पोर्ट पाठवा’ असं असणार. मग ते नाव ऑर्डर्समध्ये आधीच येऊन बसलंय, तुम्ही मूळ घरी तोतया ठेवलात आणि कोड त्या घरी जातच नाहीये. ऑर्डर्स.पाठवा पॅच करा. जिथे बनतं तिथे नाही, जिथे वापरलं जातं तिथे.

आणि दोन गोष्टी आत्ताच अंगवळणी पाडा. पायथनचा मॉक कशालाही हो म्हणतो, नसलेली मेथड बोलावली तरी गपगुमान दुसरा मॉक हातात ठेवतो, त्यामुळे ‘असर्ट कॉल्ड वन्स विथ’ (एकदाच आणि हेच देऊन हाक मारली ना, ही तपासणी) लिहिताना ‘असर्ट’ गाळून नुसतं ‘कॉल्ड वन्स विथ’ लिहिलं तर पूर्वी काहीही न तपासता टेस्ट पास व्हायची, पायथन ३.१२ पासून तिथे एरर येते. दुसरं म्हणजे ‘ऑटोस्पेक’ चालू ठेवा, मग खऱ्या फंक्शनला दोन आर्ग्युमेंट (कंसात द्यायच्या गोष्टी, जसं नंबर आणि मजकूर) लागत असतील तर तोतयालाही दोनच चालतात. उद्या कुणी एसएमएसच्या फंक्शनमध्ये तिसरं सक्तीचं आर्ग्युमेंट टाकलं की तुमची टेस्ट लगेच लाल, म्हणजे फेल होईल, आणि ऑटोस्पेक नसेल तर ती हिरवीच, म्हणजे पासच राहील आणि डबा बुक करणाऱ्याला मेसेज जाणारच नाही.