लाकडी प्रोपेलर: फळी, कोन आणि बोल्ट

विमानाचा प्रोपेलर (इंजिनाने फिरणारा पंखा) एकाच जाड सागवानी फळीतून कोरण्याचा विचार असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. अखंड फळी हवेतील ओलाव्याबरोबर पीळ धरते. राइट बंधूंचे १९०३ चे ८.५ फुटी प्रोपेलरही स्प्रूस या झाडाच्या फळ्या एकमेकींवर चिकटवूनच कोरलेले होते. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटवण नीट धरत नाही, त्यामुळे बर्च किंवा मेपलचे लाकूड अधिक भरवशाचे.

पात्याच्या तिरकेपणाच्या कोनांचे गणित सोपे आहे: ६० इंच व्यास आणि ४० इंच पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर गणिताने जितका पुढे सरकेल ते अंतर) धरल्यास मध्यापासून १५ इंचांवर सुमारे २३ अंश, तर टोकाशी १२ अंश येतात.

खरी काळजी प्रोपेलर इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टांची घ्यावी. इंजिनाचा जोर मुख्यतः बोल्टांवर नव्हे, तर फ्लँज (इंजिनाच्या दांड्यावरील धातूची चकती, जिच्यावर प्रोपेलर बसतो) आणि लाकूड यांच्यातील घर्षणावर पेलला जातो. कोरड्या ऋतूत लाकूड आक्रसले की ही पकड सैल होते, लाकूड घासून तापते आणि बोल्टांची भोके लांबट होऊ लागतात. प्रोपेलर उतरवल्यावर मधल्या भागावर करपल्यासारखा काळा डाग दिसला, तर तो प्रोपेलर पुन्हा बसवू नये. पहिल्या उड्डाणानंतर आणि प्रत्येक ऋतुबदलाला टॉर्क रेंचने (बोल्ट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या पान्याने) बोल्ट तपासावेत.