वाड्याच्या (वस्तीच्या) पडीक जागेत कायमचं खायला देणारं काय लावावं?

डिचोलीकरीण: आमच्या वाड्यावर देवळामागे जांभ्या दगडाची जागा ओस पडलीय. दरवर्षी भाजी पेरायला कोणाला सवड नाही. एकदा लावलं की सगळ्या घरांना मिळत राहील असं काय? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मोजकंच.

कुळागरवाला: ताई, आधी निरफणस (ब्रेडफ्रूट). त्याला बी नसते, मुळांवर फुटलेली रोपं लावतात. पहिले उन्हाळे पाणी घालावंच लागेल, सुटका नाही. सावलीत सुरण आणि अळू, कुंपणावर करांदे, म्हणजे कंदाचा वेल. भिरंड (कोकम) हवी तर कलमच घ्या. बियांच्या रोपांत निम्मी-अधिक नर, म्हणजे फळ न धरणारी निघतात, आणि ते कळेपर्यंत सात-आठ वर्षं गेलेली असतात! जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे एकदा विचारा.

पेडणेकर_बाबलो: शेवगा विसरलात! फांदी रोवली की झालं. पाणी साचतं तिथे मात्र नको, मुळं कुजतात.

डिचोलीकरीण: करांदे कडू निघाले तर?

कुळागरवाला: रानातले कडूच. ज्यांच्या परसात खाण्याचा वेल आहे त्यांच्याकडून कंद मागून आणा. सुरणाला माकडं शिवत नाहीत, पण रानडुकरं? त्यांच्यासाठी गडगा (दगडी कुंपण) घालावा लागेल.