तुतनखामुनचे सोने गीझाला, देह मात्र दरीत

मूळ मत
नोव्हेंबर २०२५ मध्ये गीझाच्या पिरॅमिडांजवळचे भव्य संग्रहालय रीतसर खुले झाले आणि प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यातील पाच हजारांवर वस्तू प्रथमच एका छताखाली आल्या. या मांडणीचे कौतुक होत असले, तरी माझे मन तिला राजी होत नाही. सुमारे ११० किलो सोन्याची सर्वांत आतली शवपेटी आणि सोन्याचा मुखवटा गीझाला, आणि ज्याच्या रक्षणासाठी हे सारे घडवले तो देह पाचशे किलोमीटरांवर, लक्सरजवळच्या राजांच्या दरीतील मूळ थडग्यात एकटा आहे. १९२५ मध्ये हे थडगे शोधणारे पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या पथकाने राळेने घट्ट बसलेला मुखवटा गरम सुऱ्यांनी सोडवला आणि त्या खटाटोपात देहाचे तुकडे झाले. आपल्या घरच्या मृताच्या बाबतीत हे आपण चालवून घेतले असते का?

प्रतिसाद
देहाची हेळसांड झाली हे मान्य; पण म्हणून ऐवज तिथेच राहू द्यायला हवा होता, असे ठरत नाही. प्राचीन काळीच या थडग्यात चोर दोनदा शिरले होते आणि दरीतील इतर राजांची थडगी तर बहुतेक लुटलेलीच सापडली. शिवाय उत्खननातील वाटा परदेशी नेण्याची रीत रूढ असताना इजिप्तने हा ऐवज जवळजवळ सगळा देशातच राखला, याचे मोल मला फार वाटते.

दुसरा प्रतिसाद
राखला म्हणजे जपला, असे नव्हे. २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात मुखवट्याची दाढी निखळली आणि ती घाईघाईने इपॉक्सी या कडक गोंदाने चिकटवली गेली. पुढल्या वर्षी तज्ज्ञांना तो थर हलक्या हाताने खरवडून दाढी मधमाश्यांच्या मेणाने पुन्हा बसवावी लागली.

मूळ मत मांडणाऱ्याकडून
सोने पुन्हा पुरावे, असे मी म्हणत नाही. बाहेरच्या शवपेटीच्या कपाळावरील नाग आणि गिधाड या राजचिन्हांभोवती कार्टर यांना फुलांची इवलीशी माळ आढळली होती. ती निरोपाची माळ आहे. हे प्रेताचे सामान आहे आणि ते कसे काढले गेले, हे फलकावर स्पष्ट लिहावे. देह मात्र दरीतून हलवू नये.

पहिल्या प्रतिसादकाकडून
फलकाला माझी ना नाही. पण दरीतला देहही प्रदर्शनातच आहे: पर्यटकांच्या श्वासातील ओलावा बाधू नये म्हणून २००७ मध्ये त्याला नियंत्रित हवेच्या काचपेटीत ठेवले, आणि लोक तिकीट काढून त्याचा चेहरा पाहून येतात.